हसविणाऱ्या पुस्तकांची पारख

एखादे पुस्तक वाचून झाले, की "छान आहे" किंवा "कंटाळवाणे आहे" असे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु हा केवळ निकाल झाला. त्याची कारणे सांगावयाची राहिलीच. विनोदी पुस्तकाच्या बाबतीत तर आपण फारच घाई करतो. हसू आले तर पुस्तक चांगले, न आले तर वाईट, असा सोपा हिशेब मांडतो. हा हिशेब पुरेसा आहे काय, ते आपण पाहू.

मराठी विनोदी लेखनाचा पाया घालणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांचा जन्म 1871 साली नागपूर येथे झाला. पुढे खामगाव व जळगाव-जामोद येथे त्यांनी वकिली केली. 1902 साली 'विविधज्ञानविस्तार' मासिकात त्यांचा 'साक्षीदार' हा विनोदी लेख प्रसिद्ध झाला. अशा लेखांचा संग्रह पुढे 'सुदाम्याचे पोहे' या नावाने निघाला. सुदामा, बंडूनाना व पांडूतात्या हे त्यांतील काल्पनिक मित्र. त्यांच्या निमित्ताने कोल्हटकरांनी अर्थशून्य रूढी, धर्मभोळेपणा आणि ढोंग यांची यथेच्छ थट्टा केली. सभ्य गृहस्थांप्रमाणे चोरांनीही आपले संमेलन भरवावे, अशी गमतीदार कल्पना त्यांना सुचली, ती याच लेखनात.

कोल्हटकरांना गुरू मानणारे राम गणेश गडकरी यांनी 'बाळकराम' हे टोपणनाव घेऊन हीच वाट पुढे नेली. 23 जानेवारी 1919 रोजी नागपूरजवळील सावनेर येथे, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. एवढ्या थोड्या आयुष्यात त्यांनी महाराष्ट्राला पोट धरून हसविले.

या गुरुशिष्यांविषयी वाचकांची मते मात्र एकसारखी नाहीत. कोल्हटकरांचे वाक्य थांबून वाचावे, त्यातील खोच कळली म्हणजे मनातल्या मनात हसावे, यात काहींना आनंद वाटतो. इतरांना तोच विनोद जड वाटतो. गडकऱ्यांची अतिशयोक्ती उधळलेल्या घोड्यासारखी धावते. कित्येकांना ती दौड आवडते, तर कित्येकांना शब्दांवरील कोट्या फार झाल्याशा वाटतात. ही दोन्ही मते प्रामाणिक असू शकतात. कोणाला काय रुचावे, याचा कायदा करता येत नाही.

परंतु रुचीपलीकडचाही एक प्रश्न असतो. बाळकरामाच्या लेखांत ठकी नावाच्या मुलीचे लग्न जमविण्याची खटपट आहे. वरसंशोधन म्हणजे जणू एक युद्धमोहीमच, अशा थाटात ती वर्णिली आहे. तीत ठकीच्या रूपाचीही अतोनात थट्टा येते. काही वाचक म्हणतात, "ही थट्टा ठकीची नव्हे, मुलीला बाजारातील वस्तूप्रमाणे पारखणाऱ्या समाजाची आहे." दुसरे विचारतात, "मग हसताना आमच्या डोळ्यांसमोर समाज येतो, की ती बिचारी मुलगी?" दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. लेखकाने नेम समाजावर धरला असला, तरी काही बाण ठकीला लागतातच. चांगल्या वाचकाने लेखकाची प्रतिभा मान्य करावी आणि ठकीची जखमही पाहावी. एकासाठी दुसरे नाकारण्याचे कारण नाही.

येथे गुरू आणि शिष्य यांचे लेखन वेगवेगळे आहे. म्हणून कोणते कोणाचे, हे आपणांस सांगता येते. दोघांनी मिळून एकच पुस्तक लिहिले, तर वाचक काय करतील? 1990 साली इंग्लंडमध्ये 'गुड ओमेन्स' म्हणजे 'शुभशकुन' या नावाची एक विनोदी अद्भुत कादंबरी प्रसिद्ध झाली. टेरी प्रॅचेट आणि नील गेमन हे तिचे दोन लेखक. जगाचा अंत जवळ आला आहे. परंतु स्वर्गाचा एक दूत व नरकाचा एक दूत यांना पृथ्वीवरील साधे जीवन इतके आवडू लागले आहे, की तो अंत टळावा म्हणून ते दोघे धडपडतात. ज्या बालकाच्या हातून अनर्थ घडावयाचा, तेच जन्मताच चुकून भलत्या घरी गेले आहे. असे हे कथानक.

लेखक दूरध्वनीवर बोलत आणि एकमेकांच्या लेखनात भर घालीत. साहजिकच "हा विनोद कोणाचा?" हा शोध वाचकांचा एक आवडता उद्योग होऊन बसला. कोणाला त्यातील चमकदार वाक्ये आणि गमतीदार तळटीपा आवडल्या. कोणाला पात्रांची गर्दी झाल्यासारखी वाटली आणि मुख्य कथा मधूनमधून हरवल्यासारखी भासली. स्वर्गनरकाची थट्टा काहींना खटकली. तर "थट्टा देवाची नसून आज्ञेवाचून पाऊल न उचलणाऱ्यांची आहे," असे दुसऱ्यांना वाटले. ठकीविषयीच्या वादात आणि या वादात किती साम्य आहे, पाहा! देश निराळे, भाषा निराळ्या. पण थट्टा नेमकी कोणाची, हा प्रश्न एकच.

म्हणून मुलांनो, विनोदी पुस्तकाविषयी मत देताना आधी पुस्तक पुरते वाचावे. हसू आले असेल, तर ते कोणत्या वाक्याला आले, ते दाखवावे. लेखक कोण, याहून हसू कोणावर आहे, याची चौकशी अधिक करावी. बलवानाच्या गर्वावर हसण्यास धैर्य लागते. दुबळ्याच्या व्यंगावर हसण्यास काहीच लागत नाही. आणि आपल्या मित्राचे मत निराळे असेल, तर त्याचीही कारणे ऐकून घ्यावीत. कित्येकदा त्याने दाखविलेले वाक्य आपण वाचलेले असते, परंतु पाहिलेले नसते.

शब्दार्थ
धर्मभोळेपणा – विचार न करता ठेवलेली धार्मिक श्रद्धा
खोच – बोलण्यातील सूक्ष्म, मार्मिक अर्थ
अतिशयोक्ती – एखादी गोष्ट फार वाढवून सांगणे
कोटी – शब्दाच्या दुहेरी अर्थावर केलेला विनोद

स्वाध्याय
1. कोल्हटकर व गडकरी यांच्या विनोदांतील फरक तुमच्या शब्दांत सांगा.
2. ठकीविषयीच्या दोन मतांपैकी तुम्हांस कोणते पटते? का?
3. 'वाचलेले असते, परंतु पाहिलेले नसते' याचा अर्थ स्पष्ट करा.
4. तुम्ही वाचलेल्या एखाद्या विनोदी गोष्टीविषयी आपले मत कारणांसह दहा ओळींत लिहा.