हुमणीचें औषध आणि पाण्याची पाळी

श्रावण सरून भाद्रपद लागला म्हणजे उसाच्या फडांत मधूनच एखादें बेट पिवळें पडूं लागतें, आणि हातानें किंचित् ओढतांच तें अलगद वर येतें. कारण खालीं मुळें राहिलेलींच नसतात. तेथें उकरून पाहावें, तों अर्धचंद्राकार वांकलेली, पांढरी, पिंगट डोक्याची अळी सांपडते. हीच हुमणी. तिजवर औषध कोणतें घालावें हें सांगणारे पुष्कळ आहेत; परंतु औषधाच्या आधीं व मागून पाणी केव्हां आणि किती द्यावें, याचा विचार फारसा होत नाहीं. तेवढाच विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

महसूल खात्यांतील कारकुनी संपल्यावर आम्ही आपला तीस गुंठ्यांचा खोडवा पाहूं लागलों. पहिल्याच वर्षीं हुमणी दिसली. आम्हीं औषध आणून पाण्यांत मिसळलें, तें ओळींतून पाचटावरच शिंपडलें, आणि पाऊस येईलच अशा भरंवशावर पाणी सोडलें नाहीं. नऊ दिवस कोरडे गेले. दहाव्या दिवशीं शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनीं कुदळ घेऊन आमच्यादेखत उकरलें. वरची बोटभर माती कोरडी ठणठणीत, पाचटास औषधाचा वास, आणि खालीं वीतभर ओलींत हुमणी जिवंत! ते म्हणाले, “भाऊसाहेब, विष ठेविलेंत माडीवर, आणि चोर राहतो तळघरांत.” त्या हंगामीं आमची आठ गुंठे जागा उघडी पडली. सोसायटीचें कर्ज मात्र पुरें फेडावें लागलें. दोष औषधाचा नव्हता, आमचा होता.

प्रथम किडीचा क्रम ध्यानांत घ्यावा. वळवाच्या पावसानंतर, मे-जूनच्या सुमारास, भुंगेरे तिन्हीसांजेस जमिनींतून बाहेर पडतात व निंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर बसतात. मादी ओलसर मातींत अंडीं घालते. त्यांतून निघालेली लहान अळी प्रथम कुजलेलें द्रव्य व कोंवळीं मुळें खाते. तीच तिसऱ्या अवस्थेंत पोंचली म्हणजे पीक उध्वस्त करिते. ती ओलीमागें फिरते. वरची जमीन सुकली कीं खालीं उतरते, ओल वर आली कीं मुळांपाशीं येते. औषधास मात्र पाय नाहींत. त्यास खालीं नेणारें वाहन पाणी हेंच होय.

यावरून तीन गोष्टी निघतात. पहिली ही कीं, जमीन कोरडी असल्यास औषधापूर्वीं पाणी देऊन वाफसा येऊं द्यावा, म्हणजे अळी वर येते आणि माती औषध सारखें शोषिते. दुसरी, औषध पाचटावर न घालतां पाचट बाजूस सारून बुंध्याशीं मातीवर घालावें. क्लोरपायरीफॉससारखें द्रव्य पाण्यांत फारच थोडें विरघळतें व सेंद्रिय द्रव्यास घट्ट चिकटतें; तें पाचटांत अडकलें कीं पुढें सरकणें कठीण. तिसरी, औषध घातल्यावर पाऊस येईल म्हणून वाट न पाहतां त्याच दिवशीं हलकें पाणी द्यावें.

हलकें म्हणजे किती? अमेरिकेंत घरापुढील हिरवळींतील हुमणीसाठीं औषधानंतर साधारण अर्धा इंच पाणी देण्यास सांगतात. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर; गुंठा सुमारें १०१ चौरस मीटरांचा; तेव्हां अर्ध्या इंचास गुंठ्यामागें सुमारें १,२८० लिटर पाणी लागतें. उलट उसास पाटानें दिलेली आठ सेंटिमीटरांची एक पाळी म्हणजे गुंठ्यामागें सुमारें ८,००० लिटर, अर्थात् सहापटीहून अधिक! उसाची मुळें हिरवळीपेक्षां खोल असल्यानें तेंच माप जसेंच्या तसें लागू होईल असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु भरपूर पाणी म्हणजे भरपूर गुण ही समजूत चुकीची आहे, इतकें त्यावरून दिसतें. इमिडाक्लोप्रिडसारखें पाण्यांत बरेंच विरघळणारें औषध अतिपाण्यानें मुळांखालीं निघून जातें, आणि सरीचें शेवट मोकळें असल्यास ओढ्याविहिरीकडे वाहतें. तें पाणी आपलींच गुरेंमाणसें पितात. म्हणून सरीचें तोंड शेवटीं बांधून घ्यावें, पाणी सावकाश सोडावें, शेवटास पोंचतांच तोडावें. ठिबक असल्यास हें काम फार सोपें होतें. मुसळधार पावसाचीं चिन्हें असतील त्या दिवशीं औषध घालूं नये.

मेटाऱ्हायझियम ही उपयोगी बुरशी वापरणारांसही हाच नियम आहे. ती सजीव असल्यानें तिला ओल हवी, ऊन सोसत नाहीं. ती कुजलेल्या शेणखतांत मिसळून ओलसर मातींत झांकावी.

मात्र पाणी हें उशिरावर औषध नव्हे. मोठी झालेली अळी सहज मरत नाहीं. म्हणून भुंगेरे सायंकाळीं झाडें हलवून वेंचावे व अळी लहान असतांनाच इलाज करावा. औषध डब्यावरील चिठ्ठींत त्या पिकासाठीं लिहिलेलेंच, तितक्याच प्रमाणांत घ्यावें. पूर्वीं घराघरांत असलेल्या फोरेटवर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. जुना सांठा काढून वापरूं नये.

शेवटीं कारकुनाची एक संवय सांगतों. औषध कोणत्या दिवशीं घातलें, पाणी केव्हां दिलें व कितीं वेळ चालविलें, हें वहींत टिपून ठेवावें. आणि आठ दिवसांनीं चार ठिकाणीं वीतभर उकरून स्वतः पाहावें. आम्हीं पहिल्या वर्षीं आठव्या दिवशीं कुदळ उचलली असती, तर आठ गुंठे गेले नसते.