पहिले बोटानं, मग पान्यानं

परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा जेवायला बसलो होतो, म्हणून नुसतं 'नको' म्हणून ठेवून दिला. "काका, साडेचारशेची बाटली आहे, इंजिनात ओतली की आवाज कमी, मायलेज जास्त, असं दुकानदार म्हणतो. घेऊ का?" एका 'नको'वर थांबणाऱ्यातला तू नाहीस. तुझा बापही नव्हता. तेव्हा आता नीट लिहितो. गाडीचं ऑईल घरी बदलायचं म्हणतोस तर तेही यातच ऐकून घे.

मी पंधरा वर्षांचा असताना परभणीत स्टेशनजवळच्या एका गॅरेजात उस्तादांच्या हाताखाली लागलो. पहिले सहा महिने त्यांनी पाना हातात दिला नाही. काम एकच: येईल त्या गाडीची ऑईलची पट्टी काढायची, फडक्यानं पुसायची, परत घालून काढायची आणि काय दिसलं ते सांगायचं. बघायचं, हुंगायचं, दोन बोटांत चोळायचं. मला तेव्हा हा छळ वाटायचा. पुढं कळलं, निम्मं गॅरेज त्या पट्टीवर आहे.

तर सकाळी गाडी सपाटीवर असताना, इंजिन थंड असताना पट्टी बघ. दोन खुणा असतात. वरच्या खुणेच्या जरा खाली ऑईल असलं की झालं. वरच्या खुणेच्याही वर भरणारे हौशी लोक मी पुष्कळ बघितले. जास्त ऑईल म्हणजे जास्त वंगण, असा हिशेब. खालून फिरणारा क्रँक ते ऑईल ताकासारखं घुसळतो, फेस होतो, आणि फेसाला वंगणाचं काम जमत नाही. बोटाला कचकच लागली तर माती आत जातेय. पेट्रोलचा वास आला तर पेट्रोल खाली उतरतंय. रंग चहासारखा दुधाळ झाला असेल तर रेडिएटरचं पाणी ऑईलमध्ये मिसळतंय, गाडी तिथंच उभी कर. काळ्या रंगाला मात्र भिऊ नको. डिझेल गाडीत नवं ऑईल हजार किलोमीटरच्या आत काळं होतं. काजळी पोटात धरून ठेवणं हेच त्याचं काम आहे.

आता बदलण्याकडे येऊ. आपली जमीन काळी, हे मळ्यात चांगलं, जॅकखाली वाईट. पाऊस झालेला असो की उन्हाळ्यात भेगा पडलेल्या असोत, जॅक खाली जातोच. एकदा पाथरीकडं एका शेतकऱ्याच्या वाड्यात जीप उचलली आणि चहा घेऊन येईपर्यंत ती आपोआप खाली आलेली. आम्ही दोघंही बाहेर होतो, म्हणून हे लिहू शकतोय. तेव्हापासून जॅकखाली शहाबादी फरशीचा तुकडा, आणि गाडी उचलली की स्टँड. जॅक चाक बदलायला असतो, त्याच्या भरवशावर माणसानं गाडीखाली झोपायचं नाही. मागच्या चाकांना दगड लाव, हँडब्रेक ओढ. या बाबतीत मी कुणाचंही ऐकून घेत नाही.

इंजिन पाच-सात मिनिटं चालवून कोमट कर, म्हणजे ऑईल पातळ होऊन सगळी घाण घेऊन उतरतं. चटका बसेल इतकं तापवू नको. मग खाली जाऊन आधी खात्री कर की समोरचा नट इंजिनाच्या चेंबरचाच आहे. हसू नको. गिअरबॉक्सचं ऑईल सोडून देऊन वरून इंजिनात नवं ऑईल भरणारे दोन शिकलेले गृहस्थ मला माहीत आहेत. गिअर ऑईल दाट असतं आणि त्याला गंधकाचा वास येतो, तो एकदा नाकात बसला की चूक होत नाही.

नट सोडताना आत दाबत दाबत सोड आणि शेवटच्या आट्याला झटकन बाजूला घे, नाही तर ऑईल मनगटावरून कोपरापर्यंत येतं. सगळं निथळू दे, घाई नको. परत बसवताना नवा वॉशर. आणि इथं उस्तादांचं ते वाक्य, जे ते दिवसातून दहा वेळा म्हणायचे: "पहले उंगली से, बाद में पाने से." नट तीन-चार आटे बोटानंच फिरला पाहिजे. बोटानं फिरत नसेल तर तो वाकडा लागलाय. आताच्या पुष्कळ गाड्यांचे चेंबर ॲल्युमिनियमचे असतात, वाकडा लागलेला नट पान्यानं रेटलास की आटे गेले, आणि शंभर रुपये वाचवायला निघालेला माणूस नवीन चेंबर विकत घेतो. शेवटी पान्यानं घट्ट कर, पण पान्याला पाईप लावून लोंबकळू नको.

फिल्टरचं एक सांगतो, ही माझी स्वतःची फजिती. जुना फिल्टर काढला, त्याचा रबर इंजिनालाच चिकटून राहिला, तो मी बघितला नाही. वर नवा रबरवाला नवा फिल्टर आवळला. गाडी जिंतूरला निघाली, झरीच्या पुढं लाल दिवा लागला. रस्त्यावर मागं बघतो तर काळी रेघ. दोन रबर एकावर एक बसले की दाबानं मधून ऑईल फेकलं जातं. मालक चांगला होता, लगेच इंजिन बंद केलं म्हणून वाचलं. तेव्हा जुना रबर फिल्टरसोबत आला का ते हात फिरवून बघ. नव्या रबराला नवं ऑईल बोटानं लाव, हातानं टेकेपर्यंत फिरव, मग हातानंच साधारण पाऊण वेढा. फिल्टरला पाना लागतो तो काढताना.

ऑईल कोणतं, यावर आपल्याकडे फार वाद. 'परभणीचा उन्हाळा 45 डिग्रीचा, इथं दाट ऑईलच पाहिजे,' असं पानटपरीवरसुद्धा सांगतात. इंजिन एकदा तापलं की आतलं पाणी नव्वदच्या आसपास असतं, मग बाहेर मे महिना असो की कृषी विद्यापीठात पारा पाचच्या खाली गेलेली डिसेंबरातली पहाट. 20W-40 मधला पहिला आकडा थंड इंजिनातला पातळपणा सांगतो, दुसरा तापलेल्या इंजिनातला. मारुती 800 च्या जमान्यात 20W-40 ठीक होतं. तुझ्या नव्या गाडीच्या पुस्तकात 0W-16 किंवा 0W-20 लिहिलं असेल तर तेच घाल. आताच्या इंजिनातल्या फटी बारीक, ऑईलच्या वाटा बारीक, दाट ऑईल सकाळी वरपर्यंत पोचायला वेळ लावतं. पुस्तक गाडीच्या खणात असतं, ते काढून वाच.

आता तुझी बाटली.

डबा उघडून ओततोस ते निव्वळ तेल नसतं. त्यात साधारण 10 ते 20 टक्के औषधं कंपनीनं आधीच घातलेली असतात. काजळी सुटी ठेवणारं एक, मळ धुणारं एक, फेस मोडणारं एक, धातूवर धातू घासू नये म्हणून जस्ताचं एक संयुग. हे सगळं एकमेकांशी जमवून मोजून घातलेलं असतं. त्यावर आणखी बाटली ओतणं म्हणजे सुगरणीनं केलेल्या वरणात पाहुण्यानं येता-जाता मीठ टाकणं. अमेरिकेत स्लिक 50 नावाची टेफ्लॉनची बाटली फार खपायची, झीज निम्म्यानं कमी होते अशी जाहिरात. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं 1996 साली तिला हरकत घेतली, आणि पुराव्याशिवाय असे दावे करणार नाही, हे कंपनीला 1997 साली कबूल करावं लागलं. तरी आपल्याकडे अजून बाटल्या खपतायत.

दाट चिकट बाटली ओतली की जुन्या इंजिनाचा आवाज आणि धूर थोडे दिवस दबतो, हे खरं आहे. जुनी गाडी विकणारे दलाल म्हणूनच ती वापरतात. तू गाडी घ्यायला गेलास आणि पट्टीवरचं ऑईल मधासारखं ओघळलं, तर तिथून चहा न पिता निघ. ऑईल बदलण्याआधी रॉकेल घालून इंजिन 'धुवून' देणारेही गावात आहेत. चेंबरच्या तळाला बसलेला गाळ त्यानं सुटतो, जाळीत अडकतो, आणि ऑईल वर चढायचं थांबतं. टाकीत टाकायच्या क्लीनरनं नोझल थोडंफार साफ होतं, एवढं मी मान्य करतो. ते टाकीत जातं, चेंबरमध्ये नाही.

एक ताजा किस्सा. काही बीएस-6 डिझेल गाड्यांना युरियाचं द्रावण लागतं, त्याची वेगळी टाकी असते. एका पोरानं मला विचारलं, घरात युरियाची गोणी पडलीय, पाण्यात कालवून घालू का? अरे, ते द्रावण साडेबत्तीस टक्क्यांचं, शुद्ध युरियाचं. शेतातला युरिया 2015 पासून कडुनिंबाच्या तेलाचं अस्तर लावलेला येतो. ते गाडीत गेलं तर लाखाच्या घरातलं काम.

साडेचारशे खर्चच करायचे असतील तर एअर फिल्टर घे. कापूस निघायच्या दिवसांत मानवतच्या रस्त्यावर, नाही तर ऊसतोडीत गंगाखेडकडं, ट्रॅक्टरमागं दहा किलोमीटर गेलास की किती धूळ आत जाते ते तो फिल्टर उघडून बघ. इंजिन खाणारी माती तिथूनच येते. आणि ऑईल किलोमीटर नाही भरले तरी वर्षानं बदल. बाजारापुरती चालणारी गाडी धड तापत नाही, तिच्या ऑईलमध्ये ओल साचते.

नवं ऑईल पुस्तकातल्या मापापेक्षा जरा कमी भर, इंजिन चालू कर, लाल दिवा विझला की खाली वाकून गळती बघ, बंद कर, दहा मिनिटांनी पट्टी बघून बाकीचं घाल. रिकाम्या डब्याला भोक पाडून मगच भंगारात दे, भेसळवाले असेच डबे शोधत असतात. जळकं ऑईल बांधावर, नालीत ओतायचं नाही, आणि म्हशीच्या खरजेला तर मुळीच लावायचं नाही, ते तिच्या अंगात मुरतं आणि चाटून पोटातही जातं. कॅनमध्ये भरून ठेव. परवाना असलेल्या रिसायकलरला जुनं ऑईल देणाऱ्या एका गॅरेजवाल्याशी मी बोलून ठेवलंय.

रविवारी सकाळी उन्हं चढायच्या आत ये. फिल्टर आणि वॉशर तू आण. स्टँड आणि शहाबादी माझ्याकडे आहे. बाटली दुकानातच राहू दे.