रॉममधील फाईली : न पुसता येणारे दप्तर

संगणक म्हटला की पडदा आणि कळफलक आपल्या डोळ्यांसमोर उभे राहतात. परंतु धुलाईयंत्रात, इंटरनेटच्या राउटरमध्ये, मोटारीच्या इंजिनाजवळही एकेक लहान संगणक दडलेला असतो. त्याला कोणी रीतसर बंद करीत नाही. वीज गेली की तो बंद. अशा यंत्राने आपल्या फाईली ठेवाव्यात तरी कशा?

फाईल लिहिणे ही एकच कृती नव्हे. मजकूर उतरवायचा, सूचीत नोंद करायची, मोकळ्या जागेचा हिशेब बदलायचा. यांतील दोन कामे होऊन वीज गेली, तर सूची एक सांगते आणि जागा दुसरेच. ग्रंथालयात पुस्तक फडताळात गेले, पण नोंदवहीत चढलेच नाही, तसा हा प्रकार. हा घोळ निस्तरण्याच्या युक्त्या आहेत. पण जेथे लिहिणेच नाही, तेथे अर्धवट लिहिणेही नाही. रॉमचे, म्हणजे केवळ वाचता येणाऱ्या स्मृतीचे, महत्त्व येथे आहे.

तिचा बोलका नमुना म्हणजे १९६९ साली चंद्रावर उतरलेल्या अपोलो यानातील संगणक. त्यात ३६,८६४ शब्दांची कायम स्मृती होती. पुसून लिहिण्याजोगी अवघी २,०४८ शब्दांची. (येथे ‘शब्द’ म्हणजे १६ द्विमान अंकांचा गट.) तार चुंबकीय कड्यातून ओवली तर एक, बाहेरून नेली तर शून्य. हे विणकाम रेथिऑन कंपनीच्या कारखान्यात स्त्रिया करीत. आज्ञा बदलायची तर नव्याने विणणे आले!

पुढे लहान यंत्रांतही लिनक्ससारख्या प्रणाली आल्या आणि त्यांना फाईली लागू लागल्या. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांची ‘क्रॅमएफएस’ ही मांडणी पाहण्यासारखी आहे. तिच्यात फाईलचे ४,०९६ बाइटांचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा वेगळा दाबून बसवतात. त्यामुळे एक पान वाचायला सगळी फाईल उलगडावी लागत नाही. तुकडा बदलता आला असता तर त्याची दाबलेली लांबीही बदलली असती आणि मागच्या सर्वांना सरकावे लागले असते. बदल नाही, म्हणून मध्ये मोकळी जागा सोडण्याचे कारण नाही. जागेच्या काटकसरीपायी तारखाही ठेवलेल्या नाहीत. प्रत्येक फाईल १ जानेवारी १९७० ची दिसते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने पुराव्यासाठी या दप्तराकडे न गेलेले बरे.

आजच्या राउटरांत बहुधा खरी रॉम नसते, फ्लॅश असते. ती लिहिता येते, पण तिचा मोठा भाग न लिहिण्याच्या बोलीवर वापरतात. ‘ओपनडब्ल्यूआरटी’ या राउटरप्रणालीच्या नेहमीच्या मांडणीत खाली न बदलणारा थर असतो आणि वर आपल्या नोंदींसाठी लिहिता येणारा थर. मूळ फाईल पुसली तर ती खाली तशीच राहते. वर फक्त ‘ही दाखवू नये’ अशी नोंद होते. म्हणजे जागा वाचत नाहीच, उलट थोडी खर्च होते. सर्व काही मूळपदावर आणणारी कळ दाबली, की वरचा थर साफ होऊन खालचे जसेच्या तसे वर दिसते.

पण खालच्या थरात सुरक्षिततेचा दोष राहिला असेल, तर त्याच कळीने तोही परत येतो. तो कायमचा घालवायचा तर सबंध थर नव्याने लिहावा लागतो, आणि नेमकी त्या काही मिनिटांत वीज गेली तर यंत्र सुरूच होत नाही. म्हणून काही यंत्रांत या थराच्या दोन प्रती ठेवतात : एक लिहिली जात असता दुसरीला हात लावीत नाहीत.