संत पर्पेतुआ आणि संत फेलिसिटी: एकमेकींना हात देणारी श्रद्धा



७ मार्च हा संत पर्पेतुआ आणि संत फेलिसिटी यांचा सण. पवित्र मिस्सातील पहिल्या ख्रिस्तयाग प्रार्थनेत ही नावे आपल्या कानांवर पडतात. या रक्तसाक्षींची ओळख करून घेऊ या.

दोन माता

इ. स. २०३. उत्तर आफ्रिकेतील कार्थेज शहर, आजच्या ट्युनिशियात. पर्पेतुआ प्रतिष्ठित घराण्यातील, सुमारे २२ वर्षांची, अंगावर पिणारे बाळ असलेली. फेलिसिटी गुलाम आणि आठ महिन्यांची गरोदर. दोघीही स्नानसंस्काराची तयारी करीत असताना सोबत्यांसह पकडल्या गेल्या.

तुरुंगातील दिवस पर्पेतुआने स्वतः लिहून ठेवले, म्हणून तिची भीतीही आपल्याला कळते. अंधार, गर्दी, उकाडा, शिपायांचा जाच आणि त्याहून मोठा घोर बाळाचा.

तिचे वडील ख्रिस्ती नव्हते. आपल्या पिकल्या केसांकडे, तान्ह्या बाळाकडे पाहा, असे ते पुन्हापुन्हा विनवत. तिने जवळच्या भांड्याकडे बोट दाखवून त्यांना विचारले, याला दुसरे नाव देता येईल का? तशीच ती ख्रिस्ती होती, दुसरे काही म्हणवून घेणे तिला शक्य नव्हते. तरी तिने मन कठोर केले नाही. न्यायासनासमोर वडिलांना छडीचा मार बसला, तेव्हा तो आपल्यालाच बसल्यासारखे तिला वाटले.

गर्भवतीला देहदंड देऊ नये, असा कायदा होता. आपण मागे राहू, या विचाराने फेलिसिटी दुःखी झाली. सर्वांनी मिळून प्रार्थना केली आणि तिला तुरुंगातच मुलगी झाली. कळांनी ती विव्हळताना एका पहारेकऱ्याने हिणवले की, आताच ही गत, मग श्वापदांपुढे काय करशील? तिने सांगितले की, आताचे दुःख तिचे एकटीचे आहे. तेव्हा मात्र तिच्यात राहून दुसरा कोणी ते सोसणार आहे.

तुरुंगाबाहेरची माणसे

या कथेतील आणखी काही माणसांकडे आपले लक्ष जात नाही. तर्तियस आणि पोम्पोनियस हे दोन डीकन जोखीम पत्करून तुरुंगात येत. पदरचे पैसे भरून त्यांनी कैद्यांना काही तास बऱ्या जागी आणवले. तिथे पर्पेतुआला बाळाला पाजता आले. फेलिसिटीची मुलगी एका ख्रिस्ती बहिणीने आपली म्हणून वाढवली. त्या बहिणीचे नावही नोंदलेले नाही.

आखाड्यात चवताळलेल्या गाईने दोघींना उडवले. पर्पेतुआ उठली, फेलिसिटीला पडलेली पाहून तिच्याजवळ गेली आणि हात देऊन तिला उभे केले. कुलीन स्त्री आणि गुलाम स्त्री शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. शेवटी एकमेकांना शांतीचे चुंबन देऊन सर्वांनी तलवारीचा घाव स्वीकारला.

आपल्यासाठी

आपल्यापैकी बहुतेकांना आखाड्यात जावे लागणार नाही. पण त्या डीकनांचे आणि त्या बहिणीचे काम आजही शिल्लक आहे. दिवाळीनंतर कितीतरी कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि मुलांची शाळा सुटते. अशा मुलाच्या शिक्षणाची जबाबदारी घेणे, मजुरीचा हिशेब मागणाऱ्याच्या बाजूला उभे राहणे, घरी कामाला येणाऱ्या आदिवासी भगिनीला आपल्याच कपात चहा देऊन शेजारी बसवणे, यालाही धैर्य लागते. लोक बोलतात, नातेवाईक नाके मुरडतात. तिथेच आपली साक्ष सुरू होते.

चिंतनासाठी

१. मी ख्रिस्ती आहे हे सांगायला मी कुठे कचरतो? का?
२. मतभेद असलेल्या आप्तांशी मी ठामपणे, पण प्रेमाने वागतो का?
३. या तीन महिन्यांत मी कोणाला हात देऊन उभे करू शकतो?

प्रार्थना

हे प्रभू येशू, पर्पेतुआ आणि फेलिसिटी यांना तू एकमेकींचा आधार केलेस. आम्हालाही पडलेल्याजवळ जाण्याचे धैर्य दे. आमेन.