पितळेच्या दुकानाचा गोषवारा

प्रश्न : आम्ही तंजावरी मराठी. घर तिरुवलंचुळीला, धंदा कुंभकोणमला. तांब्या-पितळेच्या भांड्यांची दोन दुकानं आहेत. गेल्या वर्षी मुलाच्या आग्रहावरून बिलांच्या माहितीवर 'बीआय रिपोर्ट' करून घेतला. पडद्यावर बावीस रंगीत आलेख आले. पंधरा दिवस सगळ्यांनी हौसेनं पाहिले, मग कुणी उघडलेच नाहीत. शिवाय त्यातली विक्री आमच्या रोजमेळाशी जुळत नाही. आता नव्यानं करायचं म्हणतोय. काम देण्याआधी आपण स्वतः काय ठरवून ठेवावं? – एक वाचक, तिरुवलंचुळी

उत्तर : तुमच्या गावच्या पांढऱ्या विनायकाची कथा तुम्हाला मी सांगायला नको, पण इतर वाचकांसाठी सांगतो. देवांनी समुद्रमंथन सुरू केलं ते विनायकाची पूजा विसरून. विघ्नं येऊ लागली तेव्हा समुद्राच्या फेसाचाच विनायक केला, पूजला आणि मग काम मार्गी लागलं. तोच हा विनायक, अशी श्रद्धा. फेसाचा म्हणून त्याला पाण्याचा अभिषेक नाही, फक्त भीमसेनी कापराची पूड. तुमच्या बावीस आलेखांचं तेच झालं असावं असं मला वाटतं. मंथन जोरात झालं, श्रीगणेशा राहून गेला.

रिपोर्टचा श्रीगणेशा एका प्रश्नानं होतो : हा आकडा पाहून मी उद्या काय वेगळं करणार? 'बिझनेस इंटेलिजन्स' (बीआय) हा शब्द आजच्या अर्थानं रूढ व्हायच्या कितीतरी आधी, 1958 साली, आयबीएममधल्या हान्स पेटर लून यांनी त्यावर एक लेख लिहिला होता. समोरच्या गोष्टींचा परस्परसंबंध असा कळावा की त्यातून कृतीला दिशा मिळेल, ही त्यांची कल्पना. म्हणून प्रत्येक आलेखासमोर कागदावर लिहा : कोण पाहणार, कोणत्या वारी पाहणार, आणि पाहून कोणती ऑर्डर देणार, कोणता माल हलवणार किंवा कोणता दर बदलणार. ज्याच्यापुढे काही लिहिता येत नाही तो आलेख काढूनच टाका. माझ्या अनुभवात बाविसातले चार-पाच उरतात, आणि ते रोज उघडले जातात.

आता न जुळणाऱ्या विक्रीकडे येतो, कारण खरं दुखणं तिथं आहे. तुमच्या धंद्यात मोड असते. समजा, एका बाईंनी 6,000 रुपयांची समई घेतली, घरची जुनी भांडी मोडीत दिली, तिचे 2,200 धरले आणि 3,800 रोख दिले. बिलाचं सॉफ्टवेअर म्हणतं विक्री 6,000. रोजमेळात जमा 3,800. दोन्ही बरोबर! रिपोर्ट करणाऱ्यानं यातला कोणता आकडा उचलला हे तुम्हाला ठाऊक नाही, आणि तुम्हाला कोणता हवा हे त्याला कुणी सांगितलं नाही. तेव्हा तीन वेगळी नावं ठरवा : विक्री, मोडखरेदी, रोख जमा. प्रत्येकाची व्याख्या एका वाक्यात, मराठीत किंवा तमिळमध्ये, गल्ल्यावरच्या माणसाला वाचून दाखवता येईल अशी लिहा. त्याला ती पटली नाही तर थांबा. तो ज्या कारणानं अडतो आहे ते कारण तुमच्या सॉफ्टवेअरला माहीत नसतं.

तसंच वजनाचं. समई किलोवर जाते, वर घडणावळ. कॉफीचा दवरा-टंबलर नगावर जातो. मग 'किती माल गेला' याचं उत्तर किलोत की नगात? आणि दवरा-टंबलर हा एक नग की दोन? हसण्यावारी नेऊ नका. एका दुकानात जोडी एक धरली आणि दुसऱ्यात दोन, तर दुसरं दुकान कायम पुढे दिसेल आणि तिथल्या माणसाचं विनाकारण कौतुक होत राहील.

व्याख्या आणि मापं आधी ठरवण्याच्या या कामाचा सगळ्यात सुंदर नमुना तुमच्यापासून तासाभराच्या वाटेवर दगडावर कोरलेला आहे. तंजावरच्या बृहदीश्वर देवळात राजराज चोळाची आज्ञा आहे, त्याच्या कारकिर्दीच्या 26व्या वर्षातली, म्हणजे 1010च्या सुमारासची. आम्ही दिलेलं, आमच्या अक्कानं दिलेलं, आमच्या राण्यांनी दिलेलं आणि इतरांनी दिलेलं, हे सगळं देवळाच्या विमानावर कोरावं, असा तिचा आशय. मी पहिल्यांदा तिचा अनुवाद वाचला तेव्हा बराच वेळ पुढे गेलोच नाही. छिन्नी लागायच्या आधी रकाने ठरले होते! पुढे मापंही नावानिशी सांगितली आहेत : सोनं 'आडवल्लान' नावाच्या वजनानं, रत्नजडित दागिने 'दक्षिणमेरुविटंकन' नावाच्या वजनानं, धान्य 'आडवल्लान' नावाच्या मरक्काल मापानं. कोणता शेर, कुणाचा शेर, हा वाद नंतर निघूच नये अशी ती सोय. तुमच्या 'विक्री'ला हवी आहे ती अशीच.

त्याच देवळात देवाच्या सेवेतल्या चारशे स्त्रियांची यादी आहे. कोणती रांग, कितवं घर, स्त्रीचं नाव, ती कोणत्या देवळातून आली. प्रत्येकीला एक वाटा, वर्षाला शंभर कलम (हे धान्याचं माप) भात. वाटेकरी वारली किंवा निघून गेली तर तो वाटा कुणाकडे जावा, हेही लिहून ठेवलं आहे. आमच्या रिपोर्टच्या धंद्यात डेटा वेअरहाउसचे जाणकार राल्फ किंबल यांनी रुजवलेला नियम हाच : आधी सांगा, एक ओळ म्हणजे काय. ते त्याला 'ग्रेन' म्हणतात. कावेरीकाठच्या भाताच्या मुलखात त्याला सरळ दाणा म्हणावं. तंजावरच्या यादीत एक ओळ म्हणजे एक घर, एक वाटा. तुमच्याकडे एक ओळ म्हणजे एक बिल, की बिलातली एक वस्तू? बिल धरलंत तर कोणती समई कमी पडली हे कधीच कळणार नाही. वस्तू धरा. मोड ही त्याच बिलातली वेगळी ओळ, उलट्या दिशेची. आणि परत आलेला माल कोणत्या तारखेला मांडायचा, विकल्याच्या की परतीच्या, हे आजच लिहून टाका.

कॅलेंडरवर मात्र जास्त वेळ द्या. जुलैची तुलना जूनशी करून रिपोर्ट लाल बाण दाखवील आणि तुम्ही उगाच घाबराल, कारण जुलैच्या मध्यावर आडि महिना लागतो आणि महिनाभर लग्नं थांबतात. मार्गळीतही तेच. पोंगलची भांडी, तै महिन्यातली लग्नं, सीरवरिसैची (लग्नातल्या आहेराची) ताटं आणि समया, हे सगळं तमिळ महिन्यानं चालतं. म्हणून तारखांच्या तक्त्यात इंग्रजी तारखेशेजारी तमिळ महिना आणि 'मुहूर्ताचा दिवस : आहे/नाही' असे दोन रकाने पंचांगावरून भरून घ्या. एखादा मुलगा दोन संध्याकाळी भरून काढील. दिवाळी कधी ऑक्टोबरात तर कधी नोव्हेंबरात येते, तेव्हा दिवाळीची तुलना दिवाळीशीच व्हावी, महिन्याची महिन्याशी नव्हे. आयतं कॅलेंडर हे काही करणार नाही. हिशेबाचं वर्ष एप्रिल ते मार्च, तेही शेजारी असू द्या, जीएसटीचा ताळा त्यावरच लागतो.

एवढं झालं तरी संगणकाकडे लगेच वळू नका. एक मोठा कागद घ्या, त्यावर रिपोर्ट पेन्सिलीनं काढा. वर तीन आकडे, खाली एक तक्ता, फार तर दोन आलेख. मग मागच्या तैमधला कोणताही एक आठवडा निवडा आणि ते रकाने बिलबुकावरून हातानं भरा. यात एक दिवस जातो, आणि मी तो कुणालाही सोडू देत नाही. रकाना भरता आला नाही तर समजा ती माहिती तुम्ही गोळाच करत नाही; मोडीचं वजन बहुधा असंच निघेल. एकाच वस्तूची वेगवेगळी नावंही तेव्हाच सापडतात : एका दुकानात 'कुत्तुविळक्कु', दुसऱ्यात नुसतं 'विळक्कु', आणि मधूनच कुठे 'समई'. नवा रिपोर्ट तयार होऊन आला की पहिल्यांदा तोच आठवडा त्यात काढा. तुमच्या कागदाशी पैशापर्यंत जुळला तर पैसे चुकते करा.

सगळ्यात शेवटी, काम देताना किती जुनी बिलं घालायची असं रिपोर्ट करणारा विचारील. तीन वर्षं पुरेत असं मी एरवी सांगतो. तुमच्यासाठी उत्तर वेगळं आहे. कुंभकोणमचा महामहम उत्सव बारा वर्षांनी येतो. मागचा फेब्रुवारी 2016 मध्ये झाला, पुढचा 2028 मध्ये. त्या दिवसांत कुंभकोणमच्या दुकानातून काय गेलं, तांब्याचे गडू की कोनाड्यातल्या लहान समया, आणि कोणता माल नंतर पडून राहिला, हे तीन वर्षांच्या कोणत्याही आलेखात दिसणार नाही. 2016ची वही माळ्यावर असेल तर ती आधी खाली काढा. संगणकात नसली तरी चालेल, जानेवारी ते मार्चची पानं हातानं भरून घ्या.