रिव्हॉल्व्हरवर तांबूस ठिपके

प्रश्न : परवान्यावर घेतलेलं कानपूरचं .32 रिव्हॉल्व्हर आहे. चामड्याच्या होल्स्टरमध्ये घालून कपाटात ठेवलं होतं. यंदा पावसाळ्यानंतर नळीवर तांबूस ठिपके दिसले. माल निकृष्ट निघाला का? ओळखीच्या लेथवाल्याकडून पॉलिश करून घेऊ का?
– एक वाचक, एचएसआर लेआउट, बंगळूर

उत्तर : दोष बहुधा होल्स्टरचा. नळीवरचं काळसर ब्लूइंग हा रंग नव्हे. पोलादाच्याच पृष्ठभागावर मुद्दाम आणलेला ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो. तेल सुकलं की तो गंजाला फारसा अडवत नाही. चामडं ओलावा धरतं, त्यात हाताच्या घामातलं मीठ. शस्त्र होल्स्टरबाहेरच ठेवा.

आधी चक्री उघडून सगळी काडतुसं काढा, कप्पे बोटाने चाचपा. ठिपक्यांवर बंदुकीचं तेल सोडा, थोड्या वेळाने सुती कापडाने हलके पुसा. सँडपेपर मुळीच नको. कापड काळं झालं तर घाबरू नका. बोटाला खड्डा लागला तर मात्र गंज आत गेलाय. राहिला माल निकृष्ट असल्याचा प्रश्न. आपल्याकडच्या शस्त्रांवर यंत्राच्या खुणा राहतात, फिनिशिंग ओबडधोबड असतं, ही तक्रार खरी. पण त्या खुणा दिसण्यापुरत्या. घोडा ओढल्यावर चक्री डुगडुगत असेल तर ते गंभीर, तसं शस्त्र चालवू नका.

लेथवाल्याकडे अजिबात जाऊ नका. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 नुसार दुरुस्तीलाही परवाना लागतो. शिवाय बफिंगमध्ये शस्त्रावरचा नंबर पुसट झाला तर तो मिटवण्यास मनाई करणाऱ्या कलम 8 चं झंझट. परवानाधारक विक्रेत्याकडेच द्या, पावती घ्या आणि परवान्यासोबत ठेवा.