विश्रांतीच्या दिवशी माळा झाडायचा नसतो

अगं, मुंबईची फुल मॅरेथॉन होऊन आठवडा उलटत नाही तोच पुन्हा पहाटे साडेचारचा गजर लावलास, हे आईकडून कळलं. जिना अजून कठडा धरून, आडवं पाऊल टाकत उतरतेस हेही तिनंच सांगितलं. ओरडायला नाही बसले, पण ऐक जरा.

तुझी भीती मला कळते. आता थांबले तर सहा महिन्यांची मेहनत पाण्यात जाईल, हीच ना? तशी ती जात नाही. पहिल्या काही दिवसांत रक्तातलं पाणी थोडं कमी होतं, म्हणून सुट्टीनंतरची पहिली धाव जड जाते, धाप लागते. स्टॅमिना खरा उतरायला लागतो तो साधारण दोन आठवडे काहीच न केल्यावर, आणि तोही पुन्हा धावायला लागलं की भरून येतो. आता उलटी बाजू बघ. भात-पोळी खाऊन स्नायूंमधली साखर काही दिवसांत भरते, म्हणून तुला ताजंतवानं वाटतंय. स्नायूंच्या धाग्यांना झालेली इजा मात्र इतक्यात भरत नाही. हाडं आणि स्नायुबंध तर त्याहून संथ. दम लवकर परत येतो, पाय मागून येतात. नडगीची आणि टाचेची बरीचशी दुखणी याच मधल्या काळात लागतात.

आणि घाई कसली आहे? तुला साताऱ्याची हिल हाफ करायचीय ना, ती सप्टेंबरात. यवतेश्वरच्या घाटासाठी जूनच्या सुरुवातीला तयारीला लागलीस तरी तीन महिने हातात राहतात. फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा धावणं बंद. चाल, पोह, काहीच नको वाटलं तर लोळ. मग मेपर्यंत आठवड्यातून तीन-चार दिवस, तेही पूर्ण वाक्यं बोलता येतील इतक्या सावकाश. एप्रिलच्या उन्हात पेस बघत बसायची नसते.

पण खरं बोलायचंय ते वेगळंच. तुझ्या वहीत सोमवारपुढे ‘रेस्ट’ लिहिलेलं मी पाहिलंय. त्या सोमवारी तू काय करतेस? धावायचं नाही म्हणजे वेळ मोकळा, म्हणून माळा झाडायला काढतेस. मार्च उजाडला की कुरडया येतील: गव्हाचा चीक घोटताना खांदे भरून येणार, मग गच्चीवर उकिडवं बसून साच्याचा दांडा फिरवायचा, तोही ऊन चढायच्या आत. नणंदेच्या लग्नाची खरेदी म्हणजे लक्ष्मी रोडवर चार तास उभ्यानं. रात्री पाठ टेकते तेव्हा अकरा वाजलेले. याला विश्रांती म्हणायचं असेल तर लाँग रनलाही म्हणू! पोटरीला काय कळणार, हे ओझं वहीतलं आहे की घरातलं? (भावोजींचा रेस्ट डे मी पाहिलाय. पेपर, चहा, पुन्हा पेपर. त्या बाबतीत त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे.)

म्हणून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवरच खूण कर. सासूबाईंना आधीच सांगून ठेव, कुरडया शनिवारी घालू, सोमवारी मी दुपारची झोपणार आहे. एकदा भुवया उंचावतील, दुसऱ्यांदा सवय होईल. आणि ज्या आठवड्यात घरात कार्य असेल, त्या आठवड्यात धावणं निम्मं कर. सकाळी उठल्या उठल्या, अंथरुणातच नाडी मोजत जा. सलग तीन-चार दिवस नेहमीपेक्षा सहा-आठ ठोके जास्त निघाले, तर बूट घालूच नकोस.

करायचंच असेल काही तर आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम कर. सीझनमध्ये तू तो नेहमी टाळतेस. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे ठेव, दोन्ही पायांनी वर जा आणि एकाच पायावर अगदी सावकाश खाली ये. आधी गुडघा ताठ ठेवून, मग थोडा वाकवून, म्हणजे पोटरीतला खोलवरचा स्नायूही कामाला लागतो. घाटाच्या चढाला तोच लागणार आहे.

आता एक नाजूक विषय. डिसेंबरात तुझी पाळी चुकली होती आणि तू ‘बरंच झालं, कटकट गेली’ म्हणालीस. नाही गं, ते बरं नसतं. खाणं कमी आणि धावणं जास्त झालं की शरीर आधी तिथेच काटकसर करतं, आणि त्याची किंमत हाडं मोजतात. ऑलिंपिक समितीच्या डॉक्टरांनी 2014 साली या प्रकाराला ‘रेड-एस’ असं नाव दिलं. तो फक्त मोठ्या खेळाडूंना होतो असं समजू नकोस. पुन्हा चुकली तर सरळ डॉक्टरकडे जा. सुट्टीत वजन किलो-दीड किलो वाढलं तर वाढू दे, रात्रीचं जेवण सोडू नकोस. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही तपासून घे. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा तळाला गेलेला असू शकतो. पण लगेच नको, रेसनंतरच्या सुजेमुळे तो आकडा उगाच चांगला दिसतो. दोन-तीन आठवडे जाऊ देत. आणि मैत्रिणीनं सांगितल्या म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू करू नकोस.

बाकी ग्रुपवर कोण किती किलोमीटर पळालं ते महिनाभर म्यूट कर. रविवारी सकाळी वेताळ टेकडीवर ये, नुसतं चालू. घड्याळ घरीच ठेव, आणि भावोजींना म्हणावं, नाश्त्याचं तुम्ही बघा.